सही बाबांची, मजकूर माझा

प्रिय भुंग्या,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, त्याबद्दल आधी आभार मानते. तुला या नावानं हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. नाव आईनं ठेवलेलं. पाळण्यात पडल्या पडल्या तू सारखा गुणगुणायचास म्हणून. तुझ्या कागदोपत्री नावानं सुरुवात करून पाहिली, पण ते कोर्टातून निघालेल्या समन्ससारखं दिसायला लागलं. तो कागद फाडला.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला तुझं पत्र आलं, बाबांच्या नावानं. त्याचं काय झालं ते पुढे सांगते. आधी जे सांगायलाच हवं ते सांगते, उभा असशील तर बस. बाबा आता नाहीत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. छातीत कफ साठला, अकरा दिवस इस्पितळात होते, मग त्यांनीच हट्ट धरला म्हणून घरी आणलं. खिडकीशेजारच्या पलंगावर, भर दुपारी गेले. फार हाल झाले नाहीत. दफनभूमीत आईच्या शेजारची जागा मिळाली. तुला कळवायला तुझा पत्ता कुणाकडेच नव्हता, आणि तो का नव्हता हे जगात फक्त मला माहीत आहे, असं मी परवापरवापर्यंत समजत होते.

घर तेच आहे. खालची बेकरी मात्र आता फरशांचं गोदाम झालीय. भट्टी तशीच आहे, कारण ती काढायची तर मागची भिंत पाडावी लागेल म्हणाले. तिच्या तोंडाशी त्या माणसानं फरशांची खोकी रचून ठेवलीत. तेरा वर्षांत तिच्यात काडी पेटलेली नाही. तरी रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मला जिन्यात पावाचा वास येतो. आधी वाटलं, शेजारी कुणी भाजत असेल. चौकशी केली. कुणी भाजत नाही. शेजारीण म्हणाली, ताई, तुम्ही एकट्या फार राहता. बरोबर आहे तिचं.

त्या वासापेक्षा वाईट असतो तो आवाज. त्याचं सांगण्यासाठी मला मागे जावं लागेल, आणि तुला नको असलेल्या ठिकाणीच जावं लागेल.

आई गेली त्या दिवशी मला इस्पितळातून कोर्टात फोन आला. मी साक्ष टिपून घेत होते. शिपायानं चिठ्ठी आणून ठेवली आणि मी ते वाक्य पुरं करून मगच उठले, इतकी मी कामाला बांधलेली बाई. इस्पितळात नर्सनं माझ्या हातात आईचा चष्मा आणि एकच चप्पल दिली. चष्म्याला ओरखडासुद्धा नव्हता. बाहेरच्या बाकावर तू बसला होतास, कपाळाला पट्टी, शर्टभर मैदा आणि रक्त. मला पाहून विचारलंस, “ताई, आई कुठंय?” तुझ्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी चष्मा पर्समध्ये ठेवला. मग शेजारच्या दुकानदारानं बाबांना हाताला धरून आणलं. त्यांना तेव्हा नुसत्या सावल्या दिसायच्या, म्हणून तर पावाची गाडी तुझ्या हाती आली होती, त्या सकाळी आदळली तीच. बाबांनी आईचं ऐकलं, भिंतीला हात लावून थोडा वेळ उभे राहिले, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “आणि पोरगा? पोरगा कसा आहे?” त्या क्षणी मी तुम्हां दोघांनाही मनातून वजा केलं. हे मला तेव्हा कळलं नाही, पण झालं ते तिथंच, त्या बाकासमोर.

चार वर्षं तू आत होतास. बाबा दर महिन्याला माझा दंड धरून तुला भेटायला यायचे. मी फाटकाबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसून राहायचे. तू बाबांना विचारायचास, ताई आली नाही? आणि बाबा सांगायचे, तिला सुट्टी मिळाली नाही. परत येताना बसमध्ये ते मला म्हणायचे, “तुझ्यासाठी खोटं बोललो गं आज. प्रभूला सांगितलंय तसं.” आणि हसायचे. मला ते हसणं सहन व्हायचं नाही. आपली बायको गेलीय आणि हा माणूस हसतो कसा, असं वाटायचं. एकदा बोललेही तसं. बाबा म्हणाले, “मला दोन पोरं होती, अजूनही दोनच आहेत. मी काय करू?”

तू सुटलास तो सरळ लांबच्या त्या लाकडाच्या कारखान्यात गेलास, घरी आला नाहीस. मग तुझी पत्रं सुरू झाली. तोवर बाबांना पुरता अंधार झाला होता. पत्र आलं की ते पाकीट नाकाशी धरायचे, म्हणायचे, “भुशाचा वास येतोय, खरंच कामाला लागलाय.” आणि माझ्याकडे द्यायचे. तू मला पंधरा वर्षं साहेबांनी सांगितलेलं शब्दाला शब्द उतरवून घेताना पाहिलंयस. कोर्टात माझा लौकिक होता. साक्षीदार खोकला तर ‘साक्षीदार खोकतो’ असं लिहिणारी मी. वकील माझ्या कागदावर कधी हरकत घेत नसत.

पहिलं पत्र मी बरंचसं नीट वाचलं. तू आईबद्दल लिहिलं होतंस ते गाळलं. मला ते माझ्या तोंडून उच्चारवेना, एवढंच तेव्हाचं कारण. पण गाळता येतं, आणि समोरच्याला कळत नाही, हे त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या पत्रात तू विचारलं होतंस, मी घरी येऊ का? बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच येईन, ताईलाही विचारा. पत्र माझ्या हातात होतं आणि बाबा समोर खुर्चीत, मान जरा वर करून, आंधळी माणसं ऐकतात तसं ऐकत होते. मी वाचलं, “माझं इथं बरं चाललंय. काम पुष्कळ आहे. सध्या येणं जमणार नाही.” बाबा म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा तेच वाचलं. मग त्यांनी मला उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. मी कागद घेतला. त्यांनी एकेक शब्द सावकाश सांगितला, माझं काम सोपं व्हावं म्हणून: “बाळ, तू ये. काम नंतरही मिळेल. कशानं येतोस ते कळव. मी खाली दारात उभा राहीन. मला दिसणार नाही, पण तुझं चालणं मला ओळखू येतं.”

मी काय लिहिलं ते तुला पाठ असेल. येऊ नकोस. तुझा आवाज मला ऐकवणार नाही. ज्या घरातून तिला नेलंस त्या घराची पायरी चढू नकोस. भुंग्या, यातला एक शब्दही बाबांचा नाही. मी लिहीत होते तेव्हा ते समोर बसून बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरत होते. लिहून झाल्यावर मी त्यांचं बोट धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यात टेकवलं, आणि त्यांनी सही केली. वाकडी, ओळ सोडून वर चढलेली. सही खरी आहे. मजकूर माझा.

तुझं तिसरं पत्र म्हणजे तीन ओळी होत्या. समजलं. पुन्हा त्रास देणार नाही. तब्येतीला जपा. तेव्हा मला थांबता आलं असतं. मी त्या तीन ओळींवर नजर ठेवून पानभर पत्र वाचलं. तुझी खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, मुकादम कसा विनोदी आहे. बाबा हसले. म्हणाले, “पुन्हा वाच.”

त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. दर रविवारी देवळातून आलो, जेवण झालं, की तीनच्या सुमाराला बाबा म्हणायचे, ती पत्रं काढ जरा. मी डब्यातून काढायचे. मला आता ती पाठच झाली होती, माझी पत्रं, तुझी नव्हेत. वाचून झालं की ते म्हणायचे, पुन्हा वाच. एकदा, दोनदा, कधी तीनदा. शेवटच्या वर्षात तर फारच. मला वाटायचं, म्हातारपणामुळे ऐकलेलं राहत नाही त्यांच्या. वाचून संपलं की माझं डोकं चाचपडत शोधायचे, त्यावर हात ठेवायचे आणि आशीर्वाद म्हणायचे. तो हात मला नको असायचा. भांडी घासायची आहेत असं सांगून उठून जायचे.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रभुभोजन मागितलं. आपल्या चर्चचे म्हातारे पाळक आले. त्यांनी भाकर मोडली, बाबांच्या हातात तुकडा दिला. बाबांनी तो तोंडात घातला नाही, माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढे केला. म्हणाले, “आधी तिला.” मी नको म्हणाले. त्यांचा हात मागे जाईना. पाळक माझ्याकडे बघत होते. मी घेतला आणि खाल्ला. पात्रता नसताना जो खातो तो आपल्याच शिक्षेचा घास खातो, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. बाबा गेल्यावर मी रविवारी सगळ्यात मागच्या बाकावर बसायला लागले आणि भोजनाची रांग लागली की उठून बाहेर यायचे. सहा वर्षं. लोकांना वाटलं, बापाच्या दुःखानं बाई विरक्त झाली.

आणि तो आवाज. बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी ताट घेऊन बसले होते, आणि खुर्चीकडून अगदी नेहमीच्या सुरात ऐकलं, “पुन्हा वाच.” मी ताट खाली ठेवलं. खुर्चीत त्यांची शाल होती, दुसरं काही नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा. मी खुर्ची खालच्या गोदामात नेऊन ठेवली, तर आवाज जिथं खुर्ची असायची तिथूनच यायचा. मग वर आणली परत. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. दुपारी तीनला ऐकू येणाऱ्या आवाजावर झोपेच्या गोळ्या! हसू आलं मला, पण घेतल्या.

मग तो आवाज कोर्टात आला. सामाईक भिंतीचा दावा चालू होता. साक्षीदार एक म्हातारी होती, हळू बोलणारी, एकेक शब्द सावकाश सांगणारी. मी टिपून घेतलं, टाइप केलं, साहेबांपुढे ठेवलं. वाचता वाचता साहेब थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, हे कोण बोललं?” मी कागद घेतला. भिंतीची उंची सात फूट होती, आणि त्याच्या पुढच्या ओळीत, माझ्या स्वच्छ टायपात, ‘बाळ, तू ये. मी खाली दारात उभा राहीन.’ सगळं कोर्ट वाट बघत होतं. “चूक झाली, साहेब,” मी म्हणाले. साहेब चांगले होते. म्हणाले, “तुमची? आश्चर्य आहे.” आणि लाल शाईनं ती ओळ खोडली. मी बाहेर जाऊन नळाखाली मनगटं धरून उभी राहिले.

अशी सहा वर्षं गेली आणि तुझं पत्र आलं. बाबांच्या नावानं. चार दिवस ते टेबलावर होतं. उघडायची हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी ते घेऊन मी म्हाताऱ्या पाळकांकडे गेले. ते आता वृद्धाश्रमात असतात, नव्वदीला टेकलेत. नजर शाबूत आहे, पण कान गेलेत. व्हरांड्यात आठदहा म्हातारेकोतारे ऊन खात बसले होते. मी त्यांच्या खुर्चीशी वाकून हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. पाळक म्हणाले, “मोठ्यानं बोल.” मी जरा आवाज चढवला. “अजून मोठ्यानं. काही ऐकू येत नाही.” शेवटी मी त्या व्हरांड्यात उभी राहून ओरडून सांगितलं, की मी बाबांना खोटी पत्रं वाचली, त्यांच्या सहीखाली खोटं लिहिलं, भावाला घरातून तोडलं. सगळे म्हातारे विणकाम, पेपर, पत्ते थांबवून ऐकत होते. मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं काही बोलले नसेन. बोलून झाल्यावर पाळकांनी खिशातून रुमाल काढून मला दिला आणि म्हणाले, “हो. माहीत आहे. त्यालाही माहीत होतं.”

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं.

बाबा जायच्या चौदा महिने आधी, एका बुधवारी, मी कोर्टात असताना पाळक नेहमीसारखे त्यांच्याशी बसायला आले होते. बाबांनी डब्यातून तुझं तिसरं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. म्हणाले, “पोरगा पेन दाबून लिहितो. कागद उलटा करून बोट फिरवलं तर ओळी हाताला लागतात. इथं तीनच ओळी आहेत, आणि पोर पानभर वाचते. काय आहे ते सांगा.” मैदा मळून मळून चाळीस वर्षं बोटांनीच जग ओळखणारा माणूस तो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाळकांनी तिन्ही पत्रं वाचून दाखवली. म्हणाले, वाचून झाल्यावर तुझ्या बापानं तिन्ही पत्रं घडी घालून डब्यात ठेवली. मग म्हणाला, लिहून घ्या. त्याच दिवशी त्यांनी तुला पत्र लिहून टपालात टाकलं. तीन आठवड्यांनी ते पाळकांकडे परत आलं. तू कारखाना सोडून गेला होतास. पाळकांनी दोन ठिकाणी चौकशी केली, तुझा माग लागला नाही.

मी विचारलं, म्हणजे ओरडून विचारलं, मला का नाही बोलले? चौदा महिने माझ्या हातचं जेवत होते, माझ्याकडून वाचून घेत होते, एक शब्द का नाही बोलले? पाळक म्हणाले, “मी म्हटलं होतं त्याला, मी बोलू का तिच्याशी? तर म्हणाला, नको. आई गेली, भाऊ गेला, तिला एक बापच उरलाय. त्यालाही ती घाबरायला लागली तर ती जाईल कुठं? सांगेल ती. तोवर मी तिला दर रविवारी विचारत जाईन.”

भुंग्या, ‘पुन्हा वाच’ हे ते विचारणं होतं. प्रत्येक रविवारी, दोनदा, तीनदा. मी दर वेळी नाही म्हणत होते आणि ते दर वेळी डोक्यावर हात ठेवत होते.

तुला वाटेल, मला त्या क्षणी सुटल्यासारखं झालं असेल. तसं काही झालं नाही. मला राग आला, इतका की पाळकांचा रुमाल मी जमिनीवर फेकला. कुणी चपराक मारली असती तर मी सोसली असती, मला तेवढं येतं. पण चौदा महिने कुणी आपल्याला पूर्ण ओळखून होतं आणि तरी आपल्या हातून पाणी पीत होतं, हे सोसायला माझ्याकडे काही नव्हतं. पाळकांनी वाकून रुमाल उचलला, झटकला, पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, “कृपेचा राग येतो माणसाला. मी साठ वर्षं त्यावर उपदेश केले, पण मलाही येतो. तिथं आपलं काही चालत नाही ना.” मग त्यांनी तुझं पत्र उघडून मला वाचून दाखवलं. मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. तू दारूला नऊ वर्षं शिवला नाहीस. तू एका बेकरीत कामाला आहेस, गाडी चालवत नाहीस. तुला उत्तर नको, फक्त बाबांनी हे ऐकावं असं वाटलं. आणि बाबांनी येऊ नको म्हटलं ते योग्यच होतं, असं तू लिहिलंस. ते वाक्य त्यांनी वाचलं तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांपैकी एक आजी रडायला लागली. मला रडू आलं नाही.

आता जे लिहिते ते पाळकांनाही सांगितलेलं नाही.

वर लिहिलं, की इस्पितळाच्या बाकावर तुझ्या तोंडाला वास आला. खरं आहे, पण तो मला तिथं पहिल्यांदा आला नाही. त्या सकाळी मी जिना उतरत होते, तू गाडीत पावाचे ट्रे चढवत होतास, आई पुढच्या सीटवर बसून पदरानं काच पुसत होती. ती म्हणाली, चल की, वाटेत कोर्टापाशी सोडेल तो तुला. मी गाडीच्या खिडकीपाशी आले. तू वळून म्हणालास, “बस ताई.” आणि मला वास आला. मी म्हटलं, नको, मी बसनं जाते. भुंग्या, मी स्वतः बसले नाही. आणि आईला उतर म्हणाले नाही. बोलले असते तर तमाशा झाला असता, बाबा खाली आले असते, मला उशीर झाला असता. दहा वाजता कोर्ट बसतं. एवढंच कारण. मी वळले तेव्हा आईनं हात हलवला.

तेरा वर्षं मी तुला त्या घराच्या पायरीवरून हाकलत राहिले, कारण तू आत आला असतास तर कधीतरी विचारलं असतंस, ताई, तू का नाही बसलीस त्या दिवशी?

पाळकांकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारी मी देवळात गेले आणि भोजनाच्या वेळी उठले, पण बाहेर जायचा रस्ता रांगेनं अडला होता. मागच्या बाईनं पाठीला हात लावून म्हटलं, “सरका पुढं.” मी सरकले. नवे पाळक तरुण आहेत, त्यांना माझं काही ठाऊक नाही. त्यांनी तुकडा हातावर ठेवला. बाजारची, कापून आलेली पांढरी भाकर, बाबांनी तिला भाकर म्हटलंही नसतं. मी खाल्ली. काही झालं नाही. छत कोसळलं नाही, अंतःकरणात उजेडबिजेडही पडला नाही. घास घशाखाली गेला आणि मी माझ्या जागेवर येऊन बसले, तर लक्षात आलं की मी पुढून तिसऱ्या बाकावर, आपल्या जुन्या जागी बसलेय.

दुपारी तीनला वास आला. मग खुर्चीकडून तेच ऐकू आलं. या वेळी मी डबा काढला आणि तुझं दुसरं पत्र घेऊन समोर बसले. वाचलं. जसं आहे तसं. “बाबा, मी घरी येऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच येईन. ताईलाही विचारा.” शेवटचं वाक्यही पुरं वाचलं. मग तिसरं वाचलं, तीन ओळी. मग पहिल्यातलं आईबद्दलचं, जे कधीच वाचलं नव्हतं. खूप वेळ बसून राहिले. पुन्हा वाच, असं कुणी म्हणालं नाही. आवाज कायमचा गेला असं मी म्हणणार नाही, परवा जिन्यात पुन्हा काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण मी आता तिथून उठून जात नाही.

हे सगळं टपालानं, इतकं उशिरा का, तर ऐक. बाबांचे डोळे मला मिळालेत. डावा गेला. उजव्यानं नळीतून पाहावं तेवढं दिसतं, तेही डॉक्टर म्हणतात पावसाळ्यापर्यंत. डिसेंबरात कोर्ट सोडलं. हे पत्र लिहायला सतरा दिवस लागले. माझ्या हातानं तुला खोटं लिहिलं होतं, तेव्हा खरं लिहायला दुसऱ्याचा हात घ्यायचा नव्हता, आणि माझा हात आता फार दिवस कामाचा नाही. सोबत एक लिफाफा ठेवलाय. बाबांनी पाळकांकडून तुला लिहवून घेतलेलं ते परत आलेलं पत्र. पाळकांनी ते जपून ठेवलं होतं. आत काय आहे विचारलं तर म्हणाले, मी विसरलो, आणि आठवत असतं तरी तुला सांगितलं नसतं. मी ते उघडलेलं नाही. चिकटवलेली कड तपासून पाहा. तू मला उत्तर लिहू नकोस. ते मला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि वाचणाऱ्यानं एखादं वाक्य दया येऊन गाळलं तर मला कळायचं नाही. मला दया येऊन गाळलेलं नकोय. तुला जे म्हणायचं असेल, शिव्या असतील, त्या सकाळबद्दलचा तो प्रश्न असेल, तो मला तुझ्याच तोंडून ऐकू दे. म्हणून ये. बाबांचं सांगणं त्यांच्या लिफाफ्यात आहे, हे माझं स्वतःचं आहे. आधी कळवलं नाहीस तरी चालेल. मी घरीच असते.

तुझी म्हणवून घ्यायला अजून धजत नसलेली,
ताई